शाळेत मूठभर धान्याचा उपक्रम करताय? मग हा क्रम पाळा

दरवर्षी डिसेंबर आला की निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांचे मला तेच फोन येतात. धान्य गोळा झालंय मॅडम, आता कुणाला द्यायचं? तांदळात टोके झालेत, काय करू? एका पालकानं विचारलंय की हे कुठल्या धर्माचं चाललंय, त्यांना काय सांगू? मुलांनी घरून रोज मूठ-मूठ धान्य आणायचं आणि ते गरजूंना पोचवायचं, असा हा उपक्रम. मी गेली बारा वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत तो बघते आणि यातल्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः करून बसलेय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी काम चांगलं असतं, मनही चांगलं असतं, फक्त शेवटी करायची गोष्ट आधी केलेली असते.

## टप्पा १ : आधी घेणारा ठरवा, मग गोळा करा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. फळ्यावर सूचना लागते, पोरं उत्साहानं पिशव्या आणतात, चार दिवसांत पोती भरतात आणि मग शोधाशोध सुरू होते की हे द्यायचं कुठे. तोवर शनिवार-रविवार मध्ये येतो, खोली बंद, दमट हवा, आणि सोमवारी कीड.

उपक्रमाच्या निदान महिनाभर आधी दोन शिक्षकांनी प्रत्यक्ष जाऊन यायचं, फोनवर नाही. कुठे जायचं हे तुमच्या भागावर आहे: जवळचं वसतिगृह, वृद्धाश्रम, बालगृह, किंवा ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याजवळच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. बालगृह असेल तर महिला व बालविकास विभागाचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा, त्यात संकोच नको, चांगली संस्था ते आनंदानं दाखवते.

आणि तिथे गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा, तुम्हाला काय लागतं? आपण ठरवून जातो की तांदूळ-गहू द्यायचे, पण रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला प्राधान्य योजनेत माणशी ५ किलो आणि अंत्योदयमध्ये कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, तेही २०२३ पासून मोफत. अशा घरात बऱ्याचदा गहू-तांदळापेक्षा डाळ, तेल, गूळ, चहा, साबण यांची टंचाई असते. उलट ऊसतोड कुटुंब गावापासून लांब आलेलं असतं, कार्ड गावाकडे सासू-सासऱ्यांजवळ असतं, तिथे धान्यही लागतं. म्हणजे एकाच तालुक्यात दोन ठिकाणची गरज वेगळी निघते आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही.

तपासा: घेणाऱ्याकडून एका कागदावर तीन गोष्टी घ्या. काय हवं, किती साठवता येईल, कुठल्या दिवशी आणलेलं सोयीचं. हा कागद हातात येईपर्यंत मुलांना काहीही सांगू नका.

## टप्पा २ : परवानगी, संमती आणि पैशाला नकार

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत नोंद, आणि पालकांना एक पानाचं पत्र. पत्रात चारच ओळी पुरेत: काय आणायचं, कधी, कुणाला जाणार, आणि आणणं सक्तीचं नाही. शेवटचं वाक्य ठळक.

आता धर्माचा प्रश्न, जिथे सगळे अडकतात. संविधानाचं कलम २८ नीट समजून घ्या. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते होत असेल तरी मुलाला त्यात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. पण वेगवेगळ्या धर्मांत काय सांगितलंय याची माहिती देणं, अभ्यास म्हणून, हे वेगळं आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं अरुणा रॉय खटल्यात हाच फरक मान्य केला. म्हणजे 'दानाबद्दल निरनिराळ्या घरांत काय मानतात' हा तास चालतो, पण 'चला आता सगळ्यांनी हात जोडून हे म्हणा आणि मग धान्य टाका' हे चालत नाही. आमच्याकडे पूर्वी डब्याला हार घालून, उदबत्ती लावून सुरुवात व्हायची. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण दोन मुलं दाराबाहेर उभी राहिली आणि त्यांना तसं उभं राहावं लागलं ही आमचीच चूक. आता नुसता डबा ठेवतो.

पैसे घेऊ नका. अजिबात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच, आणि वर्गशिक्षकाच्या खिशात विद्यार्थ्यांचे पैसे राहणं ही एकूणच नको ती डोकेदुखी. एखादे पालक ८०जी ची, म्हणजे प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात, त्यांना सरळ सांगा की वस्तुरूपानं दिलेल्या देणगीला ती सवलत मिळतच नाही. ज्यांना पैसेच द्यायचेत त्यांना घेणाऱ्या संस्थेचा पत्ता द्या, त्यांनी थेट द्यावेत.

## टप्पा ३ : डबा ठेवण्याआधी वर्गात बोला

हा टप्पा बहुतेक शाळा वगळतात, किंवा परिपाठात पाच मिनिटांचं भाषण करून उरकतात. माझ्या मते सगळ्या उपक्रमाचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या, निदान मूल्यशिक्षणाचे दोन तास.

पहिल्या तासाला काही शिकवायचं नाही, फक्त एक गृहपाठ द्यायचा: "घरातल्या मोठ्या माणसांना विचारून या, आपल्या घरी दुसऱ्यासाठी काय वेगळं काढून ठेवतात?" एवढाच प्रश्न. धर्म हा शब्द त्यात नको.

दुसऱ्या दिवशी जे येतं ते ऐकत बसावं असं असतं. कुणी सांगतं आजी जेवणाआधी गोग्रास काढते, कुणाकडे वासुदेवासाठी सुपात जोंधळे ठेवलेले असतात, कुणी सांगतं ईदच्या नमाजाआधी अब्बू घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा, म्हणजे गरिबांसाठीचं दान, काढतात, अगदी तान्ह्या बाळाचाही, कुणाकडे बुद्ध पौर्णिमेला खीरदान असतं, वसईकडून आलेली एक मुलगी म्हणाली ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आम्ही गोड खात नाही आणि ते पैसे पाकिटात टाकून चर्चला देतो. शीख मुलगा असेल तर दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा आणि लंगर त्याला माहीत असतं. आणि एक मुलगा म्हणाला आमच्यात असलं काही नसतं बाई, फक्त आई रोज शेजारच्या आजीला भाजी देते. मी त्याचं उत्तर फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं.

मग यावर पाच-सात मिनिटं तुम्ही बोला. सांगण्यासारखं खूप आहे, पण मी दोनच मुद्दे घेते. एक, देणाऱ्यानं गाजावाजा करू नये हे जवळजवळ सगळीकडे आहे. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये ही शिकवण ख्रिस्ती परंपरेत आहे आणि इस्लाममध्येही आहे, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात जो परत काही देऊ शकणार नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायलाच हवं म्हणून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटलंय. दोन, इस्लाममधली जकात असो की शिखांचा दसवंध, त्यात हिस्सा ठरलेला आहे. जकातीत वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के, तोही ठराविक मर्यादेच्या वर संपत्ती असेल तरच. म्हणजे मनाला वाटलं तर दिलं असं नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यावर भारही नाही. हे मुलांना फार पटकन कळतं. सातवीतली पोरं तर लगेच अडीच टक्क्यांची उदाहरणं सोडवायला लागतात, तो गणिताचा तास फुकटात मिळतो.

सावध: कुणालाही "तुझा धर्म कोणता, तू सांग बरं तुमच्यात काय असतं" असं उभं करून विचारू नका. ज्याला सांगायचं तो हात वर करेल. आणि कुठली पद्धत श्रेष्ठ यावर वर्गात तुलना सुरू झाली तर ती तिथेच थांबवा, "सगळ्यांच्या घरातलं उत्तर फळ्यावर आहे" एवढं पुरतं.

## टप्पा ४ : हिशोब मांडा आणि वस्तू वाटून द्या

अंदाज न घेता सुरू केलं की एकतर खूप कमी जमतं नाहीतर साठवायला जागा पुरत नाही. आम्ही तराजूवर मोजून पाहिलंय, पाचवी-सहावीतल्या मुलाची डाळीची मूठ साधारण ३५ ग्रॅम भरते. ३०० मुलांची शाळा धरा, रोज निम्मी मुलं आणतील असं धरा, १२ दिवस. १५० गुणिले ३५ म्हणजे रोज सव्वापाच किलो, बारा दिवसांत ६३ किलो. आता हे घेणाऱ्याकडे किती दिवस जातं? शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणात ३० ग्रॅम डाळ धरलेली आहे. ४० मुलांच्या वसतिगृहात दोन वेळचे झाले २ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे आपली ६३ किलो डाळ त्यांना सव्वीस दिवस पुरते. हा हिशोब फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. "आपल्या मुठीनं महिनाभराची आमटी होते" हे कळलं की दुसरी कुठली प्रेरणा द्यावी लागत नाही.

वस्तूंच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा.

तांदूळ घेणार असाल तर एकच जात सांगा. ही चूक कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. इंद्रायणी, कोलम, रेशनचा, जुना, नवा असं सगळं एका पोत्यात पडलं की भात धड होत नाही, काही शितं गिजगोळा आणि काही कच्ची, आणि वसतिगृहाच्या मावशी बिचाऱ्या तोंडावर काही बोलत नाहीत. जात सांगणं जमत नसेल तर तांदूळ सोडून द्या, डाळी घ्या. प्रत्येक इयत्तेला एक डाळ वाटून द्या म्हणजे मिसळ होत नाही. तूरडाळ महाग, ती मोठ्या वर्गांना आणि मुठीनंच. लहानांना मूग, मसूर, मटकी.

काय आणू नये याची यादी पत्रातच द्या: शिजवलेलं काही नाही, सुटे मसाले नाहीत, घरचं तळण नाही, तारीख उलटलेली पाकिटं नाहीत, जुने कपडे नाहीत. घरी धान्याला बोरिक पावडर लावलेली असेल तर ते आणू नका असं स्पष्ट लिहा. एरंडेल लावलेली डाळ चालते.

## टप्पा ५ : गोळा करण्याची पद्धत

कधी करायचं? पावसाळ्यात नको. आषाढीच्या दिंडीला जोडून करायचा मोह होतो पण जुलैच्या दमट हवेत धान्य टिकत नाही. आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करतो आणि २० तारखेला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, पोचवतो. तेव्हा ऊसतोडीचा हंगामही चालू असतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा कॅलेंडर बघून घ्या, त्या महिन्यात उपक्रम आला तर रोजा असलेल्या मुलांना दुपारी पोती उचलायला लावू नका.

प्रत्येक वर्गात झाकणाचा एक मोठा डबा, झाकणाला हात जाईल एवढं भोक. डबा वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, शिक्षकाच्या टेबलावर नाही. दिवसभर तिथेच असू दे, मुलं येता-जाता टाकतील. कुणी टाकलं, कुणी नाही, किती टाकलं हे कुणालाच कळता कामा नये, तुम्हालाही नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का लिहितेय ते सांगते. मी नवीन असताना एका शाळेत रोज हजेरीनंतर नाव वाचून कुणी किती आणलं ते लिहायचो, आणि शुक्रवारी सगळ्यात जास्त आणणाऱ्याला टाळ्या. सहावीतली एक मुलगी तीन दिवस आलीच नाही. घरी गेले तर आई म्हणाली, बाई, घरात आज आमच्यापुरतंच आहे, तिला रिकाम्या हातानं यायची लाज वाटतेय. मला अजून ते घर आठवतं. मुलाला दान शिकवायला निघालो आणि त्याच्या गरिबीची जाहिरात केली. तेव्हापासून नाव नाही, स्पर्धा नाही, वर्गावर्गांत चढाओढ नाही, 'सर्वाधिक संकलन' असलं प्रमाणपत्र तर नाहीच.

आणि मुठीइतकंच मोल कामाला द्या. धान्य निवडणं, कापडी पिशव्या शिवणं, वजन करणं, नोंद लिहिणं. सगळ्या वर्गानं सगळं करायचं, म्हणजे ज्यानं आणलं नाही त्यानं काम करायचं असा अर्थ निघत नाही.

तपासा: पहिल्या दोन दिवसांनी वर्गशिक्षकांना विचारा, कुणी नाव घेऊन "तू अजून आणलं नाहीस?" असं म्हणतंय का? शिक्षक म्हणत नसले तरी मॉनिटर म्हणतो.

## टप्पा ६ : निवडणं, साठवणं, नोंद

रोज शाळा सुटायच्या आधी डबे रिकामे करून वजन. शेवटच्या दिवशी सगळं एकदम करू म्हटलं की कीड एका डब्यातून सगळीकडे जाते. स्वच्छ चादरीवर पसरून निवडायचं, टोके दिसले तर तो डबा वेगळा, उन्हात घालायचा.

निवडताना एक हमखास घडतं. रेशनच्या तांदळात पोषणमूल्य वाढवलेले काही दाणे मिसळलेले असू शकतात, रंगाला जरा वेगळे, पाण्यात तरंगतात, आणि मुलं 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून ते वेचून फेकतात. ते प्लास्टिक नाही. पिठात लोह आणि जीवनसत्त्वं घालून केलेले दाणे आहेत, राहू द्या.

साठवायला कोरडी पत्र्याची किंवा प्लास्टिकची पिंपं, जमिनीपासून वर, फळीवर, भिंतीला न टेकवता. कडुनिंबाचा सुकवलेला पाला कापडात बांधून ठेवला तर चालतो.

सावध: धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या शाळेत कधीच वापरू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांमधून निघणारा वायू बंद खोलीत जीवघेणा असतो.

सावध: पोषण आहाराच्या खोलीत हे धान्य ठेवायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. त्या धान्याची शिल्लक नोंदवहीशी जुळावी लागते आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तुमची दोन जास्तीची पोती कुठून आली हे समजावून सांगता सांगता नाकीनऊ येतात. खोली वेगळी, पिंप वेगळं, वही वेगळी, पिंपावर मोठ्या अक्षरात नाव.

वहीत रकाने एवढेच: तारीख, इयत्ता, वस्तू, वजन, दोघांच्या सह्या. एक सही शिक्षकाची, एक विद्यार्थ्याची. मुलांच्या सहीनं वहीला वेगळंच वजन येतं, ती पोरं एक-एक ग्रॅम बरोबर लिहितात.

## टप्पा ७ : पोचवणं

किती मुलं न्यायची? आठ-दहा. पूर्ण वर्ग घेऊन जाऊ नका, ती सहल होते आणि तिथल्या लोकांची दुपारची झोप, जेवण, अभ्यास सगळं बिघडतं. चिठ्ठ्या टाकून निवडा.

जाण्याआधी मुलांशी बोला. आत गेल्यावर "तुझे आईवडील कुठे?" हा प्रश्न विचारायचा नाही. 'बिचारे' हा शब्द नाही. वृद्धाश्रमात गेलात तर वाकून नमस्कार करायचा, आजी-आजोबा म्हणायचं, ते बोलतील तेवढं ऐकायचं. धान्य स्वयंपाकघरात मावशींच्या किंवा भांडारप्रमुखाच्या ताब्यात द्यायचं, रांगेत उभं करून एकेकाच्या हातात पिशवी द्यायची नाही.

आणि फोटो. घेणाऱ्यांचे फोटो नाहीत, बॅनर नाही, पालकांच्या ग्रुपवर नाही. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यांची ओळख उघड करायला मनाई करतं. संस्थाचालकांना अहवालाला फोटो लागतोच, मग आपल्या मुलांचा धान्य निवडतानाचा द्या, वजनकाट्याचा द्या. या एका मुद्द्यावर मी मुख्याध्यापकांशी वाद घातलाय आणि पुढेही घालीन.

आपल्याच शाळेतल्या एखाद्या घराला द्यायचं असेल तर ते यात मिसळू नका. वर्गशिक्षकानं एकट्यानं, संध्याकाळी, साध्या पिशवीतून नेऊन द्यायचं. शाळेच्या वहीत त्या घराचं नाव येणार नाही, फक्त वस्तू आणि वजन.

तपासा: पोच पावती घेतली का? वस्तूनिहाय वजन, तारीख, सही-शिक्का. तुमच्या वहीतली बेरीज आणि पावतीवरची बेरीज जुळलीच पाहिजे.

## टप्पा ८ : परत आल्यावर

पावतीची प्रत सूचना फलकावर लावा, ज्या पालकांनी मूठ-मूठ दिलीय त्यांना ती कुठे गेली हे कळण्याचा हक्क आहे. गेलेल्या आठ-दहा मुलांनी आपापल्या वर्गात जाऊन काय पाहिलं ते सांगायचं, निबंध लिहायला लावू नका, नुसतं बोलू दे.

साधारण महिन्याभरानं संस्थेत एक फोन करा. काय संपलं, काय पडून राहिलं, कशाला कीड लागली. एकदा असंच विचारल्यावर मावशींनी सांगितलं की मटकी तशीच पडलीय, मोड आणायला एवढी मोठी भांडी नाहीत आमच्याकडे. ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आणि पुढच्या वर्षी मटकीच्या जागी मसूर मागितली. डबे धुऊन, उन्हात वाळवून, झाकणं लावून ठेवा, वही मुख्याध्यापकांच्या कपाटात.